गैरहजर: शून्य

"ह्या बुधवारी न्हाई जमायचं," सुंद्राबाई म्हणाली आणि माझं पेन तिनं वरूनच दोन बोटांत धरून ठेवलं.

पेन माझ्या हातात, टोक रजिस्टरच्या रकान्यावर आणि वर तिची ती हळदीनं पिवळी पडलेली बोटं. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझा हात धरायची हिंमत एकाही सिव्हिल सर्जनला झाली नव्हती.

"सोडा मावशी, शाई सांडेल."

"बालपेनातून कशाची शाई सांडती? तारीख फुडची घाला, मग सोडते."

मला हसू आलं. अशी माणसं मला आवडायची. रडणाऱ्यांपेक्षा, पाया पडणाऱ्यांपेक्षा भांडणारी माणसं बरी. त्यांच्याशी निदान सौदा करता येतो.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नवजात कक्षाची इन्चार्ज होते. लोक त्याला पेटीचा वॉर्ड म्हणायचे. दिवस भरायच्या आत जन्मलेली, कमी वजनाची मुलं तिथं काचेच्या पेटीत ठेवायची. बाळ घरी निघालं की त्याचं कार्ड करायचं आणि पुढची तारीख लिहायची, हे काम मी कुणाला करू देत नसे. आडनाव डोईफोडे. वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणत, बाई आडनावाला जागते.

सुंद्राबाई तिडके ही गव्हाणवाडीची. साठ किलोमीटर, दोन एस.ट्या. तिचा मुलगा ज्ञानोबा बोअरच्या गाडीवर कामाला. उन्हाळा म्हणजे त्याचा हंगाम, तो कर्नाटकात कुठं तरी जमिनीला भोकं पाडत फिरत होता. सून कांचन, वीस वर्षांची, पहिलटकरीण. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तिसाव्या आठवड्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं आणि मुलगी झाली. एक किलो तीनशे नव्वद ग्रॅम. पेटीत अकरा दिवस ऑक्सिजन, एकदा रक्त चढवलं, मध्ये जंतुसंसर्ग झाला. बाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही घरी सोडत होतो तेव्हा वजन कसंबसं सत्तर ग्रॅमनं वाढलेलं.

माझ्या रजिस्टरात डोळ्यांच्या तपासणीचं एक पान असे. त्यात सहा रकाने होते: किती आठवडे, किती वजन, किती दिवस ऑक्सिजन, रक्त दिलं का, जंतुसंसर्ग झाला का, वजन धरतंय का. यातलं जे धोक्याचं दिसेल तिथं मी लाल टिकली करायची. बहुतेक बाळांना दोन-तीन टिकल्या असत. कांचनच्या मुलीला सहाच्या सहा होत्या.

ह्या टिकल्यांचा अर्थ मला केळुसकर मॅडमनी शिकवला होता. मॅडम शहरातून दर दुसऱ्या बुधवारी यायच्या, फक्त ह्या मुलांचे डोळे बघायला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या दोन महिन्यांत पुऱ्या होतात. मूल आधीच बाहेर आलं की त्या अर्ध्यावर थांबतात आणि मग ऑक्सिजनच्या, आजारपणाच्या धक्क्यानं वेड्यावाकड्या फुटायला लागतात. वेळेत दिसलं तर लेझरनं थांबवता येतं. नाही दिसलं तर पडदा ओढला जातो आणि जागेवरून सुटतो. मग हातात काही राहत नाही. बाहेरून डोळा छान दिसतो, टपोरा, काळाभोर. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

"पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत," मॅडम म्हणायच्या. "टिकल्या जास्त तर आणखी आधी. कुणी अडलं तर मला फोन करा, मी बोलते त्यांच्याशी."

मी कधी फोन केला नाही. मला गरजच पडली नव्हती.

मला एका गोष्टीचा मोठा तोरा होता. दर तीन महिन्यांनी मोठ्या साहेबांची बैठक व्हायची, त्यात प्रत्येक दवाखान्याचे आकडे वाचले जायचे. तपासणीला बोलावलेली बाळं इतकी, आलेली इतकी, गैरहजर इतकी. कुणाची निम्मी गैरहजर, कुणाची तिसरा हिस्सा. आमच्या नावापुढं ओळीनं सात बैठका एकच आकडा होता: शून्य.

"कसं जमतं हो सिस्टर?" साहेब विचारायचे.

"माणसं ओळखून तारीख देते, सर."

खोटं नव्हतं ते. ज्याच्या गावचा बाजार बुधवारी, त्याला मी दुपारनंतरची वेळ देत असे. ज्या घरात म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय त्याला त्या आठवड्यात बोलवत नसे. आणि घरात कुणाचा शब्द चालतो हे मी कार्ड करताना पहिल्या मिनिटाला हेरायची. बाप पुढं उभा असतो, पण पिशवी कुणाच्या हातात आहे? औषधाची चिठ्ठी कोण मागून घेतं? त्या माणसाशी बोलायचं. बाकीच्यांशी बोलून वेळ घालवायचा नाही.

तिडक्यांच्या घरची पिशवी सुंद्राबाईच्या काखेत होती. कांचन तिच्या मागे उभी होती, पोर पोटाशी पदरात बांधलेलं.

"मावशी, येत्या बुधवारी डॉक्टरीणबाई येतात. दहा मिनिटांचं काम आहे. डोळ्यांत थेंब घालतात, दिव्यानं बघतात, सोडतात."

"बुधवार म्हंजी आवसंच्या तोंडावर. आन् सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं न्हाई."

"बाळ बाहेरच आहे की बावीस दिवस! दवाखाना काय घर आहे?"

"म्हनूनच. हितले दिस धरायचे न्हाईत. घरी गेल्यावर उद्यापास्नं सव्वा महिना."

मी मनात हिशेब केला. बासष्टावा दिवस होत होता.

"अहो, दिवस बाळंतपणापासून मोजतात, घरी गेल्यापासून नाही. तुम्हीच सांगा, बारसं कधीपासून मोजता?"

सुंद्राबाई जरा अडली. पेन मात्र सोडलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शिष्टर, माझी दोन गेली. एक अठ्ठाविसाव्या दिशी, एक बत्तिसाव्या. एकाला डाक्टरकडं नेलं व्हतं खोकला झाला म्हनून. दुसऱ्याला भावाच्या लग्नाला. दोन्ही पोरं घरातनं जिती गेली आन् फडक्यात आली. हिच्या बापाला म्या सव्वा महिना उजेड दाखवला न्हाई, तवा तो वाचला."

ह्याला काय उत्तर द्यायचं? माझ्याकडं एक उत्तर होतं. एकच शब्द. पण तो शब्द आमच्या वॉर्डात कुणी उच्चारत नसे, आणि नियम माझाच होता. एका पोरसवदा डॉक्टरनं मागे एका बापाला तोंडावर सांगितलं होतं, तपासलं नाही तर बाळ आंधळं होईल. त्या घरातले लोक उठले, तोंडातून अभद्र काढलं म्हणून भांडले आणि परत फिरकलेच नाहीत. माझ्या रजिस्टरात त्या महिन्यात 'गैरहजर' लिहावं लागलं होतं. शून्याच्या आधीची ती शेवटची नोंद. तेव्हापासून आम्ही म्हणायचो, 'साधी तपासणी.'

"साधी तपासणी आहे मावशी," मी म्हणाले.

"साधी हाय तर मग घाई कशाची?"

बिनतोड बोलली. मी हसले, तीही हसली. मागून कांचननं मान थोडी पुढं काढली.

"शिष्टर, डोळ्याला काय झालंया का तिच्या?"

"काही नाही गं. बघतात सगळ्यांचे," मी म्हणाले. तेही सुंद्राबाईकडं बघत, कारण सौदा तिच्याशी चालू होता.

मी कॅलेंडरकडं नजर टाकली. येता बुधवार म्हणजे सत्ताविसावा दिवस. त्याच्या पुढचा मॅडमचा बुधवार म्हणजे एक्केचाळिसावा.

"हे बघा, तुमचंही राहील आणि माझंही राहील. बाळंतपणापासून चाळीस दिवस भरू द्या, एक्केचाळिसाव्याला या. मग उंबरा ओलांडायला हरकत नाही ना?"

"चाळीस भरल्यावर?"

"भरल्यावर."

"येते. वचन देते. सुंद्रानं शब्द दिला म्हंजी दिला."

ते मला कळत होतं. तिनं शब्द दिला म्हणजे ती येणार, वादळातूनही येणार. आणि सत्ताविसाव्याची तारीख लिहिली असती तर ती येणार नाही, हेही मला तितकंच पक्कं कळत होतं. मग तो बुधवार माझ्या पानावर कोरा राहिला असता आणि शेजारी 'गैरहजर' लिहावं लागलं असतं. मी लिहिलं: एक्केचाळिसावा दिवस. सुंद्राबाईनं पेन सोडलं.

दुपारी चहा पिताना मी हाताखालच्या सिस्टरला रंगवून सांगितलं. "बासष्टावर अडून बसली होती म्हातारी. एक्केचाळिसावर आणली."

"तुमच्यापुढं कुणाचं चालतंय मॅडम," ती म्हणाली.

केळुसकर मॅडमना फोन करायचं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. पण मॅडमनी विचारलं असतं, सिस्टर, सहा टिकल्या आणि तुम्ही पुढची तारीख कशी दिली?

*

एक्केचाळिसाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, क्लार्क येऊन म्हणाला, "उद्या सुट्टी आहे मॅडम, महावीर जयंती. डोळ्याच्या डॉक्टर येणार नाहीत. त्यांचा निरोप आहे, पुढच्या बारीला घ्या म्हणून."

मी कॅलेंडरवर ते लाल अक्षर बघितलंच नव्हतं. त्या शुक्रवारी मी फक्त बुधवार मोजले होते.

त्या बुधवारची एकूण नऊ नावं होती. आठ मुलं आधी एकदा तपासलेली, पुन्हा दाखवायला येणारी. नववं नाव कांचनच्या मुलीचं. मी सगळ्यांना फोन लावले. सुंद्राबाईच्या घरचा फोन शेजारच्या पिठाच्या गिरणीत होता. गिरणी चालू असताना ती ओरडूनच बोलली.

"आमी तर निगायची तयारी केली व्हती! टोपडं बी शिवलंय!"

"पुढच्या बुधवारी नाही मावशी, त्याच्या पुढच्या. चौदा दिवसांनी."

"बरं झालं की! ऊन जरा जास्ती लागंल, पर लेकरू तर वाढंल. लई ग्वाड हाय बगा. दूद पिती दनादना."

"डोळे उघडून बघते का?" मी विचारलं.

गिरणीच्या घरघराटात तिनं मला प्रश्न परत विचारायला लावला.

"उघडती की. लई मोठे डोळे हायेत. ज्ञानबाचेच."

मी पानावर आधीची तारीख खोडली आणि नवी लिहिली. सुट्टीमुळे बदललेल्या तारखेला गैरहजेरी धरत नाहीत. पंचावन्नावा दिवस.

त्या चौदा दिवसांत मॅडमना शहरात गाठता आलं असतं. बाळाला तिकडं पाठवता आलं असतं, गाडी मागता आली असती. हे सगळं मी आज मोजते. तेव्हा पान नीट होतं, आणि पान नीट असलं की मला झोप चांगली लागायची.

*

पंचावन्नाव्या दिवशी सुंद्राबाई सगळ्यांच्या आधी दारात होती. पहाटेची एस.टी. धरून आलेली. पोर टोपड्यात, कपाळावर तीट, गालावर तीट, डोळ्यांत बोटभर काजळ.

"जोखा आधी," ती म्हणाली. "मग बोलू."

दोन किलो शंभर. तिनं वळून रांगेतल्या सगळ्या बायकांकडं बघितलं. जणू कुस्ती मारली होती.

"मावशी, काजळ पुसा. आत डोळे बघायचेत, लग्न लावायचं नाहीये."

"पुसते की. तुमची बी कुनी तरी जीभ जोखा."

बायका हसल्या. कांचननं पदराच्या टोकानं काजळ पुसलं. मी थेंब घातले. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हावी लागते, मग मॅडम बघतात. अर्ध्या तासानं बघितलं तर बाहुली जेमतेम उघडली होती. पुन्हा थेंब घातले. तिसऱ्यांदा घातले. आजार पुढं गेलेला असला की बाहुली उघडत नाही; माझ्या बोटांना तेव्हाच कळलं असावं. मला कळायला वेळ लागला.

आत मॅडमनी डोक्यावरचा दिवा लावला. मी पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पापण्या उघड्या ठेवायची बारीक तार बसवली तशी ती किंचाळली, मग साखरपाण्याचा बोळा तोंडात दिल्यावर हुंदके देत चोखायला लागली. मॅडम वाकल्या. उजवा डोळा. मग डावा. मग परत उजवा. एरवी त्या बघता बघता माझ्याशी बोलायच्या, गाडी कुठं पंक्चर झाली, पोळी कुठं खाल्ली. त्या दिवशी बोलल्या नाहीत.

दिवा बंद करून त्या उभ्या राहिल्या.

"पडदा सुटलाय," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडं. उजवीकडं पूर्ण." मग माझ्याकडं वळून, "आधी कधी बघितलं होतं आपण हिला?"

"आजच पहिल्यांदा."

"आज? कितवा दिवस?"

"पंचावन्नावा."

मॅडमनी माझ्या हातातलं पान ओढून घेतलं. लाल टिकल्यांवरून त्यांचं बोट खाली आलं आणि तारखेच्या रकान्यापाशी थांबलं.

"हिला सत्ताविसाव्याला का नाही बोलावलं?"

दार उघडं होतं. सुंद्राबाई आणि कांचन कधी आत येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नाही. मी तोंड उघडलं. मी काय सांगणार होते ते मला आजही ठरवता येत नाही. पण मला बोलावंच लागलं नाही.

"म्याच अडवलं," सुंद्राबाई म्हणाली. "सव्वा महिन्याचं म्याच काढलं. शिष्टर म्हनत हुत्या बुधवारी या म्हनून. म्या ऐकलं न्हाई. काय झालं, बाई?"

मॅडमचा चेहरा उतरला. राग होता तो गेला, आणि जे उरलं ते आणखी वाईट होतं.

"मावशी," त्या हळू म्हणाल्या, "तीन-चार आठवडे आधी आणलं असतं तर लेझर करता आलं असतं. आता ते होत नाही. शहरात मोठं ऑपरेशन करून बघता येईल. मी चिठ्ठी देते, आजच निघा. पण आशा…" त्यांनी हात अर्धवट उचलला आणि खाली ठेवला.

"दिसंल नव्हं तिला?" कांचननं विचारलं.

मॅडम चिठ्ठी लिहायला लागल्या.

"शिष्टर?"

"शहरात दाखवा आधी," मी म्हणाले.

कांचननं पोर टेबलावरून उचललं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मॅडमकडं बघितलं नाही. ती सासूकडं बघत राहिली. असं बघणं मी पुढच्या नऊ वर्षांत पुन्हा कुणाचं बघितलं नाही आणि एकदाही विसरले नाही. सुंद्राबाईनं पोरीचं टोपडं नीट करायला हात पुढं केला तेव्हा कांचन एक पाऊल मागे सरकली.

त्या गेल्यावर मी पान पुरं केलं. पंचावन्नावा दिवस: हजर. पुढं पाठवले. त्या तिमाहीच्या बैठकीतही आमचा आकडा वाचला गेला आणि साहेबांनी मान डोलावली.

*

मी निवृत्त झाले त्याला वर्ष होत आलं तेव्हा मी गव्हाणवाडीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. ऑपरेशनं दोन झाली, एका डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, इतकं मला कागदांवरून माहीत होतं. मुलीचं नाव ईश्वरी ठेवलंय हे तिच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर वाचलं होतं.

घर लगेच सापडलं. एस.टी.च्या थांब्यावर एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "नातीचे डोळे घालवले त्या म्हातारीचं ना? ते बगा, पत्र्याचं." इतक्या सहज, जसं कुणी घराचा रंग सांगावा.

सुंद्राबाई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वाळून अर्धी झाली होती. तिचं ताट, तांब्या, वाकळ सगळं तिथंच पडवीत एका कोपऱ्यात होतं. मला तिनं ओळखलं.

"शिष्टर! आत बसा… न्हाई, हितंच बसा. आतलं तिचं हाय."

ईश्वरी शाळेतून यायची होती. गावच्याच शाळेत, एक मैत्रीण हात धरून नेते-आणते. ज्ञानोबा बोअरच्या गाडीवर. कांचन आत चुलीपाशी होती. भांड्यांचा आवाज येत होता.

"बोलत नाही?" मी विचारलं.

"बोलती की. पोरीसंगं, मानसासंगं. माझ्यासंगं बोलून काय करंल?"

मी आणलेला केळ्यांचा घड खाली ठेवला. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या दिवशी मॅडमना सांगितलं, सिस्टर म्हणत होत्या बुधवारी या. मी तसा हट्ट धरला नव्हता. मी एकदा म्हणाले आणि सोडून दिलं. मला माहीत होतं, तपासणी चुकली तर डोळे जातील. तुम्हाला मी साधी तपासणी म्हणून सांगितलं. आणि तारीख मीच पुढं ढकलली, कारण तुम्ही आला नसता तर माझ्या कागदावर गैरहजर पडलं असतं."

शेंग सोलणारी बोटं थांबली.

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"डोळे जातील म्हनून?"

"हो."

तिनं मांडीतली टरफलं झटकली. मला वाटलं रडेल. मला वाटलं शिव्या देईल. त्यासाठीच तर मी साठ किलोमीटर आले होते.

"मंग आत्ता कशाला आलात?" ती म्हणाली.

"सांगायला."

"सांगितलं. तुमी मोकळ्या झालात. म्या कुनाला सांगू?" तिनं दाराकडं मान केली. "तिला सांगितलं तर म्हनंल, नऊ वर्सांनी म्हातारी आता शिष्टरवर ढकलती. गावाला सांगितलं तर हसतील. माझ्या तोंडात आता ते बसत बी न्हाई."

"मी सांगते तिला."

"नगा सांगू."

"का?"

"ती रातंदिस रडायची. ती माझ्यावर रागावली आन् रडायचं थांबली. परत उकरून काय गावंल?"

दारात कांचन उभी होती. हातात दोन कपबशा. तिचा चेहरा भरला होता, केस पुढून पांढरे झाले होते. अजून तिशीही गाठली नसेल. तिनं एक कप माझ्या पुढं ठेवला. दुसरा कप हातातच राहिला.

"ऐकलं म्या," ती म्हणाली.

सुंद्राबाई उठायला लागली. कांचन तिच्याकडं न बघता म्हणाली, "बसा आत्या."

मी उभी राहिले. मी हात जोडले की नुसते पुढं केले, आठवत नाही. "कांचन, माझी चूक झाली. तुझ्या सासूबाईंना मी घाबरवायला हवं होतं. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्या आल्या असत्या. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. मी त्यांच्याशी…"

"त्यांच्याशी," कांचन म्हणाली.

ती माझ्याकडं बघत होती. पहिल्यांदाच, सरळ.

"त्या दोन लेकरं घालवून बसलेल्या. त्यांना भ्या वाटलं, त्या अडल्या. तुमी तुमचं कागद बघत हुता. तुमच्या दोघींचं ठरलं." तिचा आवाज चढला नाही. "शिष्टर, लेकरू माझ्या पोटाला बांधलेलं व्हतं. त्यांच्या न्हाई. मला एकदा म्हनला असता ना, ही आंधळी व्हईल, तर म्या आत्याच्या पाया पडले असते, न्हाई ऐकलं तर त्यांना ढकलून आले असते. साठ कोस चालत आले असते. म्या तितंच उभी व्हते. मला का न्हाई सांगितलं?"

बाहेर रस्त्यावरून मुलींचा घोळका येत होता. शाळा सुटली होती. कांचननं पदरानं हात पुसले आणि पोरीला आत घ्यायला ती पायरी उतरून गेली.

तिनं मला दुसरं काही विचारलंच नव्हतं. ह्या एकालाच मी उत्तर शोधत राहिले. आणि जे उत्तर सापडतं ते खरं आहे, म्हणून मी अजून तिला जाऊन सांगितलेलं नाही: मला त्या दिवशी तिथं दोनच माणसं दिसली होती. एक मी, आणि एक जिच्या काखेत पिशवी होती ती.